गुरुजी गांव सोडतात तेव्हां

गेल्या श्रावणांतली गोष्ट. सकाळीं साडेसहाच्या सुमारास कंधारच्या बसस्थानकावर नांदेडची गाडी लागली होती आणि तिच्या दाराशीं पंधरा-वीस मुलींचा घोळका उभा होता. मी दूध घेऊन परततांना सहज थांबलों. मुली मुसमुसून रडत होत्या. एकीच्या हातांत पेढ्यांचा पुडा होता, दुसरीच्या हातांत नारळ. सासरीं निघालेल्या मैत्रिणीला पोंचवावयास आल्या असतील असें मला वाटलें. परंतु गाडींत चढला तो एक तीस-बत्तीस वर्षांचा किडकिडीत तरुण, खांद्यावर पिशवी आणि काखेंत गुंडाळलेली सतरंजी. घोळक्यांत माझी नातहि होती हें तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें.

हे गृहस्थ तालुक्यांतील एका महाविद्यालयांत मुलींच्या खो-खो संघाचे सहाय्यक मार्गदर्शक होते. मुख्य मार्गदर्शक म्हणून कागदोपत्रीं दुसऱ्यांचें नांव. ते वयानें व अधिकारानें मोठे, आणि मुली त्यांच्यापुढें तोंड उघडीत नसत. हा तरुण तासिका तत्त्वावर नेमलेला, म्हणजे जितके तास भरतील तितक्यांचेच पैसे, आणि तेहि कित्येक महिने थांबून. पण पहांटे मैदानावर फक्की मारावयास तोच, खांबाजवळ सूर मारतांना गुडघा फुटला तर हळद दाबावयास तोच, आणि सामना हरून परततांना गाडींत मुलींस हंसविणाराहि तोच. एका मोठ्या शहरांतील खासगी क्रीडासंस्थेनें त्यास मासिक पगारावर बोलाविलें. व्यावसायिक खो-खोसाठीं खेळाडू तयार करावयाचें काम. आठ दिवसांत त्यानें खोली रिकामी केली.

घरीं आल्यावर नातीनें पिशवी कोपऱ्यांत टाकली आणि मला विचारलें, "आजोबा, सर पैशांसाठींच गेले ना?" चौतीस वर्षें मीं मुलांस संस्कृत शिकविलें, पाणिनीच्या सूत्रावर अडलों नसेन इतका त्या प्रश्नावर अडलों. "आधीं न्याहारी कर," एवढेंच म्हणालों. पुढें कित्येक आठवडे तो प्रश्न डोक्यांत घोळत राहिला. त्यानिमित्त जें वाचलें, पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण ज्या घरांतलीं मुलें मैदानावर जातात त्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां यावयाचाच.

खो-खोसारख्या खेळांत भरपगारी मार्गदर्शक ही कल्पनाच आमच्या पिढीला नवी. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें या खेळाचे नियम बांधले. त्यानंतर शंभर वर्षें तो शाळांच्या अंगणांत आणि गल्लीबोळांतील मंडळांत बहुधा फुकटच शिकविला गेला. २०१४ सालीं कबड्डीची व्यावसायिक साखळी निघाली, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्यें पुण्यास बालेवाडीला 'अल्टिमेट खो-खो' या नांवाची तशीच साखळी भरली. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस जागतिक स्पर्धा झाली व ती भारताच्या दोन्ही संघांनीं जिंकली. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेंहि आपल्या महाराष्ट्रांतलीं. खेळांत पैसा आला, त्यामागून मार्गदर्शकांना बोलावणें आलें. यांत नवल कांहींच नाहीं. चटका लागतो तो मागें राहणाऱ्यांस.

विद्या आणि पैसा यांचा हा तंटा मात्र नवा नव्हे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा राजासमोर कलह लागतो. त्या प्रसंगीं गणदास असें मत सांगतो कीं ज्याची विद्या केवळ पोट भरण्यापुरती, तो विद्येचा वाणी समजावा. हें मत मीं वर्गांत किती वेळां आणि किती अभिमानानें समजावून दिलें असेल! आतां निवृत्तीनंतर तें नाटक पुन्हां काढून वाचलें, तेव्हां विदूषकाचा एक टोमणा नव्यानें डोळ्यांत भरला. या दोघांना उगाच पगार तरी कां द्यावा, अशा अर्थाचें तो बोलतो. म्हणजे वाण्याला नांवें ठेवणारा गणदासहि राजाकडून वेतन घेतच होता. चौतीस वर्षें ही गोष्ट माझ्या नजरेंतून कशी निसटली कोण जाणे. कदाचित् माझा स्वतःचा पगार दर महिन्यास वेळेवर येत होता म्हणून असेल.

ज्या खेळांत हा पैसा सर्वांआधीं आणि सर्वांहून अधिक आला तो क्रिकेट. त्यांतील एक उदाहरण आपल्या मराठी माणसाचें आहे, तें जरा विस्तारानें सांगतों. वाचक भगिनींपैकीं ज्यांस या खेळाचा गंध नाहीं त्यांच्यासाठीं एवढें सांगणें पुरे कीं रणजी करंडक ही प्रांतोप्रांतींच्या संघांची स्पर्धा १९३४ पासून चालत आलेली. सामना चार-पांच दिवसांचा, बघ्यांची गर्दी बेताची. इंडियन प्रीमियर लीग ही २००८ पासूनची, धनिकांच्या मालकीच्या संघांची, वीस-वीस षटकांची धामधूम. तेथें खेळाडूंचा लिलाव होतो. लिलाव हा शब्द माझा नव्हे, त्यांचाच.

चंद्रकांत पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक, शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकरांचे शिष्य. भारतातर्फें ते पांच कसोट्या खेळले. कारकीर्दीच्या उत्तरार्धांत ते मध्यप्रदेशाकडून खेळावयास गेले, आणि १९९९ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं तो संघ रणजीच्या अंतिम सामन्यास पोंचला. सामना बंगलोरास, कर्नाटकाविरुद्ध. पहिल्या डावांत आघाडी मिळवूनहि मध्यप्रदेश ९६ धावांनीं हरला. पुढें पंडित मार्गदर्शक झाले. मुंबईला त्यांनीं करंडक मिळवून दिला यांत मोठेंसें नवल नाहीं. मुंबईनें तो ४२ वेळां जिंकला आहे. नवल विदर्भाचें. ज्या संघानें तोंवर अंतिम सामना पाहिलाहि नव्हता, तो पंडितांच्या हाताखालीं २०१७-१८ मध्यें दिल्लीला हरवून अजिंक्य झाला आणि पुढल्या वर्षीं नागपुरास सौराष्ट्राला हरवून पुन्हां अजिंक्य झाला. मग २०२० मध्यें ते मध्यप्रदेशाकडे परतले. या वेळीं गुरु म्हणून.

२०२२ च्या जूनमध्यें मध्यप्रदेश पुन्हां अंतिम सामन्यांत, पुन्हां त्याच बंगलोरच्या मैदानावर. समोर मुंबई, आणि मुंबईचे मार्गदर्शक अमोल मुजुमदार. तेहि आचरेकरांचेच शिष्य. दोन गुरुबंधु समोरासमोर! मध्यप्रदेशानें पहिल्या डावांत ५३६ धावा केल्या, तीन फलंदाजांनीं शतकें ठोकलीं, आणि २६ जून रोजीं सामना सहा गडी राखून जिंकला. तेवीस वर्षांपूर्वी जेथें हरले त्याच ठिकाणीं पंडितांना रडूं आवरेना. शिष्यांनीं त्यांस खांद्यावर घेतलें. त्यांची शिस्त अशी कीं कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला स्वतःच्या लग्नासाठीं दोनच दिवसांची रजा मिळाली होती. हें वाचून आमच्या घरांतून शेरा आला, "मुलीच्या आईबापांनीं कसें चालवून घेतलें?" शेरा रास्त आहे, पण त्या नवरदेवानें तक्रार केल्याचें कोठें वाचनांत आलें नाहीं.

या विजयानंतर दोनच महिन्यांच्या आंत, १७ ऑगस्ट २०२२ रोजीं, कोलकाता नाइट रायडर्स या व्यावसायिक संघानें त्यांस मुख्य मार्गदर्शक नेमलें. त्याआधीं, २०१२ च्या सुमारास, याच संघाशीं त्यांचें बोलणें झालें होतें. परंतु परदेशी मार्गदर्शकाच्या हाताखालीं काम करणें त्यांच्या मनास येईना, असें त्यांनींच एका मुलाखतींत सांगितलें आहे. ज्यानें 'हाताखालीं' राहण्याचें नाकारलें तो दहा वर्षांनीं 'मुख्य' होऊन गेला. येथवर कथा एखाद्या पुराणांतल्यासारखी सरळ चालते.

पुढें मात्र ती सरळ चालत नाहीं. रणजीच्या मुलांना बापासारखा रागावणारा गुरु चालतो, कारण तीं मुलें घडावयाचीं असतात. व्यावसायिक संघांतला खेळाडू घडून, किंमत लावून घेऊन आलेला असतो. काय नेसावें आणि केव्हां उठावें हें जगभर खेळून आलेल्या माणसाला कोणीं सांगावयाचें? डेव्हिड विसे या खेळाडूनें पुढें नेमकें हेंच जाहीरपणें म्हटलें: पंडितांची शिस्त लष्करी धाटणीची, आणि परदेशी खेळाडूंना ती जाचक वाटली. पहिल्या वर्षीं संघ सातवा आला. २०२४ मध्यें तोच संघ अजिंक्य झाला खरा, पण त्या यशाचे वांटेकरी अनेक होते. २०२५ मध्यें आठवा क्रमांक आला आणि जुलैमध्यें संघ व गुरु वेगळे झाले. तीन वर्षांचा संसार.

आणि याच संघांत आमच्या बसस्थानकावरच्या तरुणाशीं ज्याचें नातें जुळतें असा एक गृहस्थ होता: सहाय्यक मार्गदर्शक अभिषेक नायर. हेहि मुंबईच्या संघांत वाढलेले. शंभराहून अधिक प्रथम श्रेणीचे सामने खेळले, पण भारतातर्फें २००९ मध्यें अवघे तीन. ज्याला स्वतःला शिखरावर पोंचतां आलें नाहीं त्याला चढणीचा प्रत्येक दगड ठाऊक असतो. दिनेश कार्तिक, रिंकू सिंग, वरुण चक्रवर्ती, के. एल. राहुल अशा कितीतरी खेळाडूंनीं आपल्या पडत्या काळांत नायरनीं हात दिल्याचें उघडपणें सांगितलें आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना याचें मर्म वेगळें सांगावयास नको. वडिलांचा धाक घर सांभाळतो. पण परीक्षेंत नापास झालेला मुलगा पहिल्यानें गांठतो तो काकाला. काकाच्या हातीं तिजोरीची किल्ली नसते, म्हणूनच त्याच्यापाशीं मन मोकळें होतें. संघांतला सहाय्यक हा असा काका आहे. संघांत कोणाला घ्यावें, कोणाला वगळावें हें त्याच्या हातांत नसतें. 'सर, आज भीति वाटते' हें वाक्य त्यालाच सांगतां येतें. मुख्य गुरु गेला तर दुसरा नेमतां येतो, जाहिरात देतां येते. काका गेला तर जाहिरात कशाची देणार?

नायर २०२४ च्या जुलैमध्यें भारतीय संघाचे सहाय्यक झाले, एप्रिल २०२५ मध्यें तेथून त्यांस निघावें लागलें, आणि ते कोलकात्यास परतले. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच संघाचे मुख्य मार्गदर्शक झाले. काकाच्या हातीं किल्ली आली. आतां खेळाडू आपली भीति त्यांस पूर्वीप्रमाणें सांगतील कीं नाहीं, हें पाहावयाचें.

हें आपल्याकडेच घडतें असें नव्हे. अमेरिकेंत विद्यापीठांचा फुटबॉल म्हणजे लाखोंचा उत्सव. तेथील फुटबॉल हातांत चेंडू घेऊन पळण्याचा, आपला नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील मैदानांत एका वेळीं एक लाख सात हजार माणसें बसतात. कंधार तालुक्यांतलीं किती गांवें त्यांत मावतील याचा हिशेब मी नातीवर सोपविला आहे. या विद्यापीठाचे मुख्य मार्गदर्शक जिम हार्बॉ तेथलेच माजी विद्यार्थी. ८ जानेवारी २०२४ रोजीं त्यांच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि अवघ्या सोळा दिवसांनीं ते लॉस एंजलीसच्या व्यावसायिक संघाकडे गेले. जातांना जेसी मिंटर नांवाचा कर्तबगार सहाय्यकहि त्यांच्यामागून त्याच संघांत गेला, आणि शेरोन मूर नांवाचा दुसरा सहाय्यक मागें राहून मुख्य झाला. त्या वेळच्या नियमांतली एक तरतूद मला विशेष वाटली: मुख्य गुरु सोडून गेला तर शिष्यांना तीस दिवसांत दुसऱ्या विद्यापीठांत जाण्याची मोकळीक. म्हणजे गुरु गेल्यानें शिष्याचें कांहीं हरवतें, हें त्यांच्या कायद्यानें तरी मान्य केलें होतें. सहाय्यक गेला तर मात्र तशी सवलत नव्हती. काका तेथेंहि हिशेबांत नाहीं!

आतां जे गेले नाहींत त्यांच्याकडे वळूं. वर आचरेकरांचें नांव आलें. सचिन तेंडुलकराच्या यष्टींवर एक रुपयाचें नाणें ठेवणारे, शिवाजी पार्कवर आयुष्य काढणारे हे गुरु आपणां सर्वांस ठाऊक. १९९० मध्यें द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्यें पद्मश्री, आणि २ जानेवारी २०१९ रोजीं देहावसान. ते मैदान सोडून कोठें गेले नाहींत. नातीला मी हें उदाहरण देणारच होतों, इतक्यांत त्यांच्या चरित्रांतील एक साधी गोष्ट आठवली: आचरेकर स्टेट बँकेंत नोकरीस होते. चूल बँकेच्या पगारावर पेटत होती. मैदानावर पिकत होती ती निव्वळ विद्या. त्यांच्या निष्ठेला यानें तिळमात्र उणेपणा येत नाहीं. पण बँकेचा पगार नसलेल्या तरुणाकडे पाहून 'आचरेकर बघ कसे राहिले' असें म्हणणें मला तरी आतां साधत नाहीं.

आमच्या आजीच्या काळीं घरोघर वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. सोमवारीं या घरीं, मंगळवारीं त्या घरीं. विद्यार्थ्याला गांव जेवूं घाली आणि पाठशाळेंतील शास्त्रीबोवांच्या घरीं शिधा पोंचवी. शास्त्रीबोवा गांव सोडीत नसत याचें श्रेय आपण त्यांच्या त्यागाला देतों. त्यांत थोडें आपल्या पणज्यांच्या पिठाच्या डब्यालाहि द्यावयास हवें. आज आमच्या भागांत शिकविणाऱ्यांचा ओढा कोठें आहे हें सांगावयास नको. लातूर आणि नांदेड येथील वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांकडे चांगले शिक्षक जातात, आणि त्यांच्यामागून आपणच आपलीं मुलें व फीचे पैसे घेऊन जातों. त्या शिक्षकांना आपण वाणी म्हणत नाहीं. अदबीनें 'सर' म्हणतों. मग खो-खोच्या सरांनींच तेवढें गांवांत उपाशी राहून आदर्श कां व्हावें? तासिकेचे पैसे थकल्याबद्दल आमच्यापैकीं एकाहि पालकानें कधीं साधा अर्ज केला नाहीं. मींहि केला नाहीं. नात त्यांच्या हाताखालीं दोन वर्षें खेळली आणि त्यांना पैसे केव्हां मिळतात हें मला त्या दिवशीं बसस्थानकावर, मुलींच्या बोलण्यांतून कळलें.

मागें राहिलेल्यांचें काय होतें, हाहि प्रश्न आहेच. पंडितांनीं विदर्भ सोडल्यावर तो संघ कोलमडेल असें अनेकांना वाटलें असेल. कांहीं वर्षें गेलीं. मार्च २०२४ मध्यें नागपुरास उपांत्य सामन्यांत विदर्भाची गांठ मध्यप्रदेशाशीं पडली. पंडितांनीं घडविलेले दोन संघ एकमेकांसमोर. पहिल्या डावांत १७० वर बाद झालेल्या विदर्भानें दुसऱ्या डावांत ४०२ धावा काढल्या आणि ६२ धावांनीं सामना जिंकला. सर्वांना जिंकण्याची इच्छा धरावी, पण शिष्याकडून मात्र पराभव व्हावा असें इच्छावें, ही आपल्याकडची जुनी समजूत. पुढल्याच वर्षीं, उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखालीं, विदर्भानें केरळाविरुद्ध तिसऱ्यांदा करंडक मिळविला. गुरु गेला तरी त्यानें लावलेली पहांटे उठण्याची संवय कांहीं त्याच्याबरोबर सतरंजींत गुंडाळली जात नाहीं.

आणि दुसरे गुरुबंधु अमोल मुजुमदार? १९८८ सालीं तेंडुलकर आणि कांबळी यांनीं शारदाश्रमाच्या शाळेकडून ६६४ धावांची भागी केली, त्या सामन्यांत पुढला फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धावा काढूनहि भारतातर्फें त्याला एकहि सामना मिळाला नाहीं. हे गृहस्थ आधीं राजस्थानच्या व्यावसायिक संघांत फलंदाजीचे मार्गदर्शक होते, आणि तेथून २०२१ मध्यें मुंबईच्या रणजी संघाकडे आले. म्हणजे हा रस्ता एकाच दिशेनें जातो असेंहि नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें ते भारतीय महिला संघाचे मुख्य मार्गदर्शक झाले.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीं नवी मुंबईंतला तो अंतिम सामना आमच्या घरीं सगळे जागून पाहत होते. मी, नात, सुना, आणि क्रिकेट न कळणाऱ्या आमच्या सौभाग्यवती. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनीं विजय मिळाला आणि कर्णधार हरमनप्रीत कौर धांवत जाऊन मुजुमदारांच्या पायां पडली. घरांत टाळ्या झाल्या. नात मात्र गप्प होती. थोड्या वेळानें म्हणाली, "आमच्या सरांच्या पायां पडायचं राहिलं. गाडी सुटली."

मीं तिला तेव्हां तिच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. म्हटलें, "अग, हो. सर पैशांसाठींच गेले. त्यांच्या घरीं आई आहे, लग्नाची बहीण आहे. आणि इतके दिवस ते येथें होते ते पैशांसाठीं नव्हते. दोन्ही खरें आहे." ती कांहीं बोलली नाहीं. तिचें समाधान झालें कीं नाहीं तें मला ठाऊक नाहीं.

पुढें महिन्याभरांत आंतरमहाविद्यालयीन सामने झाले. मुलींचा संघ दुसऱ्या फेरींत हरला. एकेरी साखळी धरणाऱ्या दोघी चौथ्या मिनिटालाच खांबावर बाद झाल्या म्हणे. मुख्य मार्गदर्शक रागावले नाहींत, याचेंच मुलींना अधिक वाईट वाटलें. त्या रात्रीं साडेनऊला नातीचा फोन वाजला. पलीकडून सर होते. निकाल त्यांना आधींच कळला होता. चाळीस मिनिटें बोलणें चाललें. मधेंच ती उठून अंगणांत गेली आणि तुळशीवृंदावनाला खांब समजून कोणत्या पायावर वळावयाचें तें फोन कानाशीं धरून करून पाहूं लागली. मी दारांत उभा होतों. तिनें मला हातानें आंत जाण्याची खूण केली.